कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे नक्की कुणाचं?

गेले दोन-तीन वीकएंड हा विषय डोक्यात घोळतोय. विषय तसा कोरडा आहे. पेन्शन, उत्पन्नाचा दाखला, तहसील, रेशन कार्ड वगैरे. आपल्यासारख्या मंडळींना, जे पीएफचा बॅलन्स मोबाईलवर बघतात आणि पुढच्या अप्रेझलची वाट बघतात, त्यांना ह्याच्याशी काय देणंघेणं? पण थोडं थांबा. ह्या भानगडीत मुलाच्या पगाराचा संबंध येतो, आणि मुलगा म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी असतो.

आधी थोडी माहिती, कारण आमच्या चंद्रपूरचे मित्र सोडले तर पुण्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. (आणि चंद्रपूरच्या मित्रांनाही नसतं, हे मी चहाच्या टपरीवर तपासून बघितलंय :) ) महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या निराधार म्हाताऱ्या माणसांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. ६५ च्या खालच्या निराधार, विधवा, दिव्यांग वगैरेंसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. गावाकडे दोन्हींना मिळून "निराधारचे पैसे" म्हणतात. २०१९ पर्यंत महिन्याला ६०० रुपये मिळायचे, मग १,००० झाले, २०२३ साली १,५०० झाले. म्हणजे दिव्यांग सोडले तर आज वर्षाचे १८,००० रुपये.

आता अट. एकतर तुमच्या कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. बाकीच्यांसाठी २१,०००. हा आकडा पुन्हा एकदा वाचा. महिन्याचा नाही, वर्षाचा. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाचा नाही, कुटुंबाचा.

आपण प्रोग्रामर लोक कोडमध्ये एखादा आकडा तसाच हाताने लिहून ठेवला तर रिव्ह्यू करणारा बोंब मारतो. "हा कुठून आला? उद्या बदलला तर?" २१,००० हा तसाच एक आकडा आहे. अनुदान ६०० वरून १,५०० पर्यंत गेलं, हा आपला तिथेच बसून आहे.

जरा गणित करू. २१,००० ला १२ ने भागा, महिन्याचे १,७५० आले. घरात पाच माणसं धरा, माणशी ३५० रुपये महिना. दिवसाला बारा रुपयेसुद्धा नाहीत. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी जी दारिद्र्यरेषा काढली होती, ती ग्रामीण भारतासाठी माणशी ८१६ रुपये महिना होती, म्हणजे दिवसाला साधारण २७ रुपये. २०१३ साली तो आकडा बाहेर आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? २७ रुपयांत कोण जगतं म्हणून टीव्हीवर चर्चा झडल्या. त्या ८१६ ला पाच माणसं आणि बारा महिन्यांनी गुणलं तर ४८,९६० येतात. म्हणजे ज्या रेषेची आपण सगळ्यांनी थट्टा केली, तिच्याही निम्म्याखाली ही मर्यादा आहे. आणि ती थट्टा २०११-१२ च्या किमतींवर होती.

दुसरं गणित. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या नवरा-बायकोने मिळून ६८ दिवस माती उपसली की २१,२१६ रुपये झाले. मर्यादा ओलांडली. कायद्यात तर कुटुंबाला १०० दिवसांची हमी होती, त्याचे ३१,२०० होतात. म्हणजे सरकारने स्वतःच्याच कायद्यातली हमी पूर्ण पाळली, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून त्या घरातली म्हातारी बाद! तिसरं, धानाचं. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा आमचा धानाचा पट्टा. २०२५-२६ ला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ होता. दहा क्विंटल विकला की २३,६९० हातात. आता ह्यातून रोवणीची मजुरी, खत, ट्रॅक्टर वजा करायचं की नाही, हे दाखला लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. त्यात मे महिन्यातल्या तेंदूपत्त्याची मजुरी आणि मोहाचे चार पैसे अजून धरलेलेच नाहीत.

मग प्रश्न असा की ही मर्यादा पाळून चंद्रपूर-गडचिरोलीत इतक्या म्हाताऱ्या माणसांना पैसे मिळतात तरी कसे? उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. दाखला २१,००० चा "बनतो". तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलचा दाखला, सेतूत फी, सगळं रीतसर. मी इथे भ्रष्टाचाराचं रडगाणं गाणार नाहीये. उलट माझं म्हणणं असं आहे की बऱ्याच वेळा हा खोटा आकडा लिहिणारा माणूस माणुसकीनेच लिहीत असतो. समोरची आजी गरीब आहे हे त्याला डोळ्यांनी दिसतंय. पण नियमच असा की खरं लिहिलं तर तिला काही मिळणार नाही.

ह्यात मोठं नुकसान होतं ते हक्काचं. खरा आकडा लिहून जे मिळतं तो हक्क. दुसऱ्याने डोळेझाक केल्यामुळे जे मिळतं ते उपकार. आणि उपकार म्हटले की ओळख आली, गावातला पुढारी आला. अर्ज मंजूर करायला तालुक्याला जी समिती असते तिचा अध्यक्षही नेमलेला अशासकीय माणूस, म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी कार्यकर्ता. ज्याची ओळख नाही, ज्याचं गाव भामरागडच्या पलीकडे आहे, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा भरली की रस्ताच बंद, त्याच्यासाठी डोळेझाक कोण करणार? म्हणजे चाळणी लावली गरिबातला गरीब शोधायला, आणि तिच्यातून आधी तोच गळून पडतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कुटुंब.

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सिक्युरिटीला एक मुलगा आहे. बोलण्यावरून मला शंका आली, विचारलं तर गोंडपिपरीकडचा निघाला. मी चंद्रपूरचा म्हटल्यावर "सर" चा लगेच "दादा" झालो. पगार १४,०००. चौघांत एक खोली, मेस, मोबाईल, गावी जायचं तिकीट. त्याच्या वडिलांचं वय ६७. त्यांचा अर्ज परत आला, कारण पोरगा पुण्यात नोकरीला आहे हे गावात सगळ्यांना माहीत, आणि रेशन कार्डावर त्याचं नाव अजून तिथेच. वर्षाचे १ लाख ६८ हजार, मर्यादेच्या आठ पट. मी विचारलं, घरी किती पाठवतोस?

"दोन हजार पाठवतो जी महिन्याले. जमलं त. एखाद्या महिन्यात नाही जमत. बाबा काही म्हणत नाही, पण मलेच कसंतरी वाटते."

बघा, कागदावर त्या बापाचं उत्पन्न १ लाख ६८ हजार. प्रत्यक्षात महिन्याला दोन हजार, तेही जमलं तर. आणि गंमत म्हणजे नुसते पाठवलेले पैसे मोजले, तरी वर्षाचे २४,००० होतात. म्हणजे मुलगा जेवढा चांगला, तेवढा बाप अपात्र.

ह्या नियमामागे एक गृहीतक आहे. घरात जो पैसा येतो तो सगळ्यांचा असतो, आणि म्हाताऱ्यांना त्यातला वाटा आपोआप मिळतो. आपल्या संस्कृतीबद्दल भाषण देताना हे छान वाटतं. पण ज्यांनी चार भावांचं घर बघितलंय त्यांना माहीत आहे की एका छपराखाली तीन चुली असू शकतात. सुनेच्या हातात पैसा, मुलाच्या हातात पैसा, आणि म्हातारीला तंबाखूच्या पुडीसाठीसुद्धा हात पसरावा लागतो. कुणी दुष्ट असतं असं नाही. १४,००० त आधी पोरांची फी, मग किराणा, मग हप्ता, आणि सगळ्यात शेवटी म्हाताऱ्यांच्या गुडघ्याचं औषध. हा क्रम बहुतेक घरांत असाच असतो. महिन्याचे १,५०० रुपये जेव्हा म्हातारीच्या स्वतःच्या खात्यात येतात, तेव्हा तिचं घरातलं स्थान बदलतं. नातवाला दहा रुपये देणारी आजी आणि नातवासमोर दहा रुपये मागणारी आजी, ह्यात फरक आहे ना?

सरकारचं म्हणणं, मुलगा सांभाळत नसेल तर कायदा आहे. खरं आहे, २००७ सालचा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. न्यायाधिकरणात अर्ज करून निर्वाह भत्ता मिळवता येतो. पण कुठली आई महिन्याच्या दीड हजारासाठी पोटच्या पोरावर केस टाकेल? आणि टाकली तरी त्या १४,००० वाल्याकडून काय काढणार?

मग लोक काय करतात? शहाणे लोक रेशन कार्ड वेगळं करतात. म्हाताऱ्यांचं कार्ड निराळं, मुलाचं निराळं. म्हणजे जो नियम "कुटुंबाने सांभाळावं" म्हणून केला, तोच कागदावर कुटुंबं फोडायला लावतो. कधी कधी कागदावरची वाटणी खरी पण होऊन बसते.

आता ह्याच्या शेजारी माझ्या घरचं उदाहरण ठेवतो. माझे बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. त्यांना पेन्शन आहे, महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. त्यांच्या पेन्शनसाठी आजवर कुणी माझी सॅलरी स्लिप मागितली नाही. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुम्हाला पेन्शनची काय गरज, असं कुणी म्हटलं नाही. म्हणूही नये! ती त्यांच्या नोकरीची कमाई आहे. पण मग ज्या बाईने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी टाकली, बांबू तोडला, तिने काय कमी नोकरी केली? फक्त तिचं सर्व्हिस बुक कुणी लिहिलं नाही. तिला मात्र आपण विचारतो, तुझा पोरगा किती कमावतो?

आणि हे सगळ्याच योजनांत असं आहे असंही नाही. २०२४ साली लाडकी बहीण आली. वय २१ ते ६५, रक्कम तीच १,५००, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याच वर्षी ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, तिथे मर्यादा दोन लाख. आता समजा एका बाईच्या घरचं वर्षाचं उत्पन्न एक लाख आहे. ६४ व्या वर्षी ती सरकारच्या लेखी गरजू आहे, तिला १,५०० मिळतात. ६५ पूर्ण झाली की त्या योजनेतून नाव बाहेर. श्रावणबाळच्या दारात गेली तर तिथे मर्यादा २१,०००. घर तेच, उत्पन्न तेच, गुडघे मात्र आणखी दुखायला लागलेत. म्हणजे म्हातारी झाली म्हणून तिची म्हातारपणाची मदत बंद! हे मी कितीदा वाचून बघितलं, पण नियम खरंच असेच आहेत.

थोडं केंद्राबद्दल. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला ७५ रुपये महिना अशी सुरू झाली. २००६ साली २०० रुपये झाली. ६० ते ७९ वयासाठी आजही २०० च आहे. ८० नंतर ५००. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांना हे २०० मिळतात आणि वरचे राज्य भरतं. आणि ती यादी? ग्रामीण भागात २००२ च्या सर्वेक्षणाची. १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. तेव्हा ज्या घरात मिळवता माणूस होता आणि नंतर गेला, त्या घराचे गुण मात्र २००२ चेच. एवढा जुना डेटा प्रॉडक्शनमध्ये ठेवला तर आपल्याला कुणी नोकरीवर ठेवेल का?

जगात काय करतात? ब्रिटनमध्ये पेन्शन क्रेडिट देताना म्हातारा माणूस आणि त्याचा जोडीदार, एवढ्यांचं उत्पन्न मोजतात. मुलांचं नाही. तिथेही चाळणीवरून भांडणं होतात. २०२४ साली त्यांनी हिवाळ्यातल्या हीटिंगची मदत फक्त पेन्शन क्रेडिटवाल्यांपुरती केली, एवढा आरडाओरडा झाला की २०२५ मध्ये मागे यावं लागलं आणि मर्यादा व्यक्तीमागे ३५,००० पौंडांवर नेली. जर्मनीत मुलाचं उत्पन्न बघतात, पण ते वर्षाला एक लाख युरोच्या वर असेल तरच. दक्षिण कोरियात आपल्यासारखंच मुलांच्या कमाईवरून गरीब म्हाताऱ्यांना मदत नाकारायचे. २०२१ पासून निर्वाहाच्या मदतीसाठी ती अट बहुतेकांना लागू नाही. आणि लांब कशाला जायचं, नेपाळ घ्या. आपण ७५ रुपये सुरू केले त्याच सुमाराला त्यांनी म्हातारपणाचा भत्ता सुरू केला, उत्पन्नाची चाळणी न लावता. आज ६८ वर्षांवरच्या, सरकारी पेन्शन नसलेल्या माणसाला महिन्याला ४,००० नेपाळी रुपये मिळतात, म्हणजे आपले २,५००. नेपाळ काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, की सगळ्यांना वाटत सुटलं तर पैसा कुठून आणणार? प्रश्न योग्य आहे. माझ्या बाबांना हे १,५०० अजिबात मिळू नयेत, हे मला मान्य आहे. चाळणी हवीच. पण चाळणी कशी लावायची ह्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे, गरीब आहेस हे तू सिद्ध कर. दुसरा म्हणजे, श्रीमंत असशील तर सरकारने ते शोधावं. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडून कागद मागण्यापेक्षा, ज्यांचे कागद सरकारकडे आधीच आहेत त्यांना वगळणं सोपं नाही का? आयकर भरणारे, सरकारी पेन्शन घेणारे, ह्यांची यादी सरकारकडे आहेच. आधारने जोडलेल्या डेटाबेसमध्ये ही एक क्वेरी आहे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय ह्यांच्या पुढाकारातली पेन्शन परिषद २०१२ पासून साधारण हेच सांगत आली: पेन्शन सगळ्यांना, फक्त आयकरवाले आणि दुसरी चांगली पेन्शन असलेले सोडून.

तेवढं एकदम होणार नसेल, तर निदान हे तीन बदल व्हावेत असं मला वाटतं.

पहिला, उत्पन्न म्हाताऱ्या माणसाचं आणि त्याच्या जोडीदाराचं मोजा. मुलाचं नको, सुनेचं नको. मुलगा खरंच मोठा पगारदार असेल, आयकर भरत असेल, तर वेगळा विचार करा. १४,००० वाल्याच्या पगारावर दोन पिढ्या टांगू नका.

दुसरा, मर्यादा वाढवा आणि महागाईला जोडा. लाडक्या बहिणीला अडीच लाख आणि तिच्या सासूला २१,०००, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. निदान दोघींना एकच मोजपट्टी लावा.

तिसरा, कडा काढून उतार करा. आज २०,९०० वाल्याला वर्षाचे १८,००० मिळून ३८,९०० होतात, आणि २१,१०० वाला २१,१०० वरच राहतो. दोनशे रुपये जास्त कमावण्याची शिक्षा अठरा हजार! त्याऐवजी मर्यादेच्या वर गेलं की अनुदान हळूहळू कमी करता येतं. त्याचं सूत्र एका ओळीचं आहे. इफ-एल्सने लिहिलेलं धोरण बदलायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

सरकारी खर्च वाढेल हे नक्की. किती वाढेल ते सरकारने मांडावं, त्यावर खुशाल वाद घालू. पण आज जो पैसा वाचतोय असं दिसतं तो खरं म्हणजे वाचत नाहीये. तो त्या पार्किंगमधल्या मुलाच्या १४,००० तून जातोय, किंवा त्याच्या बापाच्या न घेतलेल्या औषधातून.

आणि तोवर आपण काय करायचं? आपल्या ऑफिसात, सोसायटीत, घरकामाला अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांचे आई-वडील गावी आहेत. एकदा सहज विचारून बघा, "तुमच्या आईला निराधारचे पैसे येतात का? नाही, तर काहून नाही?" अर्ज कुठे अडकलाय ते समजून घ्यायला आपल्याला अर्धा तास लागतो, त्यांची एक दिवसाची मजुरी बुडते. मी गोंडपिपरीच्या काकांचे कागद मागवलेत. आयकर भरणारं घरात कुणी नाही, पेन्शन कुणाला नाही, आणि तरी ते अपात्र आहेत. खरं उत्पन्न लिहून काही होतं का, ते बघायचंय. बहुतेक होणार नाही. पण परत अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी द्या असं ह्या वेळी म्हणणार आहे.

तुमच्या गावाकडे काय परिस्थिती आहे, जरूर कळवा.